शेवटच्या खांबापर्यंत

हिवाळ्यात ती माझ्या साडेचार तास मागं असते.
मी खिचडीचं पातेलं घासून पालथं घालते,
पोरं घरी पिटाळते,
तेव्हा कासेलमध्ये सुकेशिनीचं जेमतेम उजाडतं.
मार्च संपता संपता तिथं घड्याळं तासभर पुढं ढकलतात,
सगळ्या देशाची, एकाच रात्री.
अंगणवाडीतलं घड्याळ सेल संपल्यापासून
दहा वीसवर आहे.

ती म्हातारी माणसं तोलते, मी लेकरं.
तिच्याकडं खुर्चीच काटा आहे,
बसवलं की आकडा उमटतो, आपसूक नोंदला जातो.
माझ्याकडं आड्याला टांगलेली झोळी,
झोळीत बोंबलणारा निर्भय,
आणि काटा थरथरत
कधी आठच्या अलीकडं, कधी पलीकडं.
शंभर ग्रॅम मी पदरचे घालते कधीकधी,
पिवळ्या रेघेवरून हिरव्यात जायला.
"तू घालतेस का गं?"
"मशीन घालू देत नाही, ताई."

तिच्या लिंडनर बाईंना पंच्याण्णव पूर्ण झाली.
पलंग बटणावर उठतो, बटणावर निजतो.
उशाशी दोरी.
ओढली की तीन मिनिटांत कुणीतरी येतं,
बरेचदा सुकेशिनीच.
बाबांच्या वेळी आम्हीही फोन लावला होता.
गाडी निघाली आहे, म्हणाले.
पावणेतीन तास ती निघालेलीच होती.
हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवत नाही.
आज ठेवले.

कंटाळली की ती म्हणते,
"सगळं आहे इथं, माणसं नाहीत."
मला राग येतो.
माणसं होती की बाबांच्या खाटेभोवती,
चाळीस तरी असतील,
दारातली उतरंड हलवून उभी राहिली होती.
ऑक्सिजन एकाकडंही नव्हता.
आपल्या नसण्याला माया म्हणू नको, सुके,
तिकडच्या असण्याला तर मुळीच नाव ठेवू नको.
असं मी म्हणाले नाही.
लाईन गेली होती, फोनची बॅटरी चार टक्के.

एकदा आपणहून बोलली,
"मेश्राम म्हटलं की इथं कुणाचा चेहरा बदलत नाही.
नुसती जीभ अडखळते."
मी पोळी उलथायची विसरले.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"बदलतो. पण नाव सांगायच्या आधीच."

यंदा मोहाच्या दिवसांत आली, तीन आठवडे.
पहिल्याच रात्री, दहाच्या सुमाराला,
उठून बूट घालायला लागली.
"कुठी निघाली?"
"फिरून येते. ड्यूटी सुटली की रोज चालते मी,
जंगलाच्या कडेनं, एकटी."
मी तिचं मनगट धरलं.
मागच्या महिन्यात तळ्याकडं मोहफुलं वेचताना
ताराबाई गेली होती,
तिची टोपली दुसऱ्या दिवशी सापडली.
सुकेशिनी बसली नाही.
मग मी टॉर्च घेतला.

गावात दिव्याचे सात खांब, जळतात चार.
"कुठी चालली वं?" पहिलं दार.
"इथंच, मावशी."
"कुठी चालल्या वं दोघी?"
ती हसली. दोन वर्षांत तिला हे
कुणीच विचारलं नव्हतं.
तिसऱ्या दाराला तिनं उत्तर दिलं नाही,
ओठ घट्ट मिटले, आणि मला आठवलं,
सोळाव्या वर्षी ती ह्याच दारापायी
मागच्या बांधावरून कॉलेजला जायची.

शेवटचा खांब.
पुढं वनखात्याची पाटी, तिच्यावरचा वाघ
उन्हानं पांढरा पडलेला,
मग बांबू, मग नुसता वास, मोहाचा.
उजेडाच्या कडेला तिनं बुटाचं टोक नेऊन ठेवलं,
बरोबर रेघेवर, लगोरीतल्यासारखं.
"इथून पुढं अजून पंधरा मिनिटं," ती म्हणाली,
"मग माझं घर."

परतताना त्याच तीन दारांनी विचारलं,
"आल्या का जाऊन?"
"हो," ती म्हणाली, तिन्ही वेळा.
कुठं, ते कुणी विचारलं नाही.