घड्याळ थांबलंय

भुसारी सर बोलायचे. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून
चिठ्ठ्या सरकवायचो :
कुणाचे फाउल किती, कोण डावखुरा,
कुणाचा काका रेल्वेकडून खेळलेला.
एकवीस वर्षं.
चिठ्ठ्या म्हणजे सरांच्या बँकेतल्या पैसे भरायच्या जुन्या स्लिपा,
पाठकोऱ्या.

दिवसा ते सीताबर्डीला कॅशियर.
काउंटरमागे त्यांचे ओठ हलत,
रांगेला वाटे, नोटा मोजतायत.
मला ठाऊक होतं,
ते कालची शेवटची दोन मिनिटं पुन्हा बोलतायत,
या वेळी नीट.

मे महिना, शेहेचाळीस अंश. सामने रात्री आठनंतर,
तरी सिमेंटचं कोर्ट बुटांतून चटके द्यायचं.
कॉमेंट्री बॉक्स कसला, पाण्याच्या टाकीखाली एक टेबल.
कुलर होता, पण माइकमध्ये घरघरतो म्हणून बंद.
सर ओला दुपट्टा मानेवर टाकत
आणि लाल दिवा लागला की म्हणत,
"नमस्कार राजेहो. बसा बाप्पा, पाणी घेऊन बसा."
केबलच्या अकरा नंबरवर
इंदोऱ्यापासून नंदनवनपर्यंत
माणसं खरंच तांब्या घेऊन बसत.

कोर्टावरची वीज गेली तर काळ्या पडद्याआडून सांगत,
"काही दिसत नाही. उगाच सांगणार नाही."

एकदा दिल्लीचं बोलावणं आलं.
हिंदीत बोलायचं. आठवडाभर आरशापुढे तालीम.
तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जमलंसुद्धा.
मग एका बुटक्या गार्डनं तिघांच्या मधून
चेंडू असा काही काढला की सर उभेच राहिले,
"काहून छळून राहिला बे पोट्ट्या त्यायले!"
देशभर.
पुन्हा बोलावलं नाही. मानधनाचा चेक तेवढा आला.
तो त्यांनी आपल्याच काउंटरवर भरला,
शिक्काही आपणच मारला,
आणि त्या रात्री धरमपेठच्या सामन्याला
पाच मिनिटं आधी हजर.

उत्पला गजभियेचं नाव ते ती बारा वर्षांची असल्यापासून घेत.
पूर्ण नाव. नुसतं उत्पला कधी नाही.
"घरी ऐकत असतात रे."

फायनल. अठ्ठावन्न–सत्तावन्न. चाळीस सेकंद.
ती उडाली, उतरली,
आणि तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज
टाकीखालपर्यंत आला.
मी लिहिलं : गुडघा. गेला.
सरकवली.
सरांनी वाचली, तिच्यावर तळहात ठेवला.
दुसऱ्या हाताच्या बोटानं कॅमेऱ्याला खूण :
गुणफलक दाखव.

माइक उघडा. अकरा सेकंद.
माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

मग म्हणाले,
"घड्याळ थांबलंय. चाळीस सेकंद बाकी.
उत्पला गजभिये बसली आहे. पाणी पिते आहे."

ती पाणी पीत नव्हती.

सामना कोण जिंकलं ते वहीत आहे, बघून सांगावं लागेल.
गाडीला किक मारताना मी विचारलं.
लागत नव्हती किक. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.
"तिची माय एकटी हाय घरी," सर म्हणाले.
"तिच्यापाशी कोणी पोचू दे ना आधी."

आता अकरा नंबर नाही. काठीवर फोन लावतात,
कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा : बेचाळीस, एकोणचाळीस.
उत्पला तिथंच पोरींना शिकवते,
शिट्टी मारते, रागावते, डाव्या पायावर भार देत नाही.
तिला कोणी सांगितलं असेल का, मला माहीत नाही.
सरांच्या खुर्चीत मी बसतो. डाव्या बाजूला कुणी नाही.
ती चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.
उलटी केली की छापलेलं दिसतं : रक्कम, अक्षरी.
पुढे कोरं.

दिवा लागतो. मी नमस्कार म्हणतो.
राजेहो म्हणणं
अजून जमत नाही.