अर्ध्या तासाची मालकीण

बाबांनी मला जमीन ठेवली नाही.
खजुराची बाग नबहानला, घर आईच्या नावे,
आणि मला, झुवैनाला,
दर दहाव्या रात्री अर्धा तास पाणी.

मस्कतच्या बँकेत मी हे सांगितलं
तेव्हा काउंटरपलीकडची मुलगी हसली.
तारण म्हणून चालणार नाही म्हणाली.
खरंच आहे.
वाहतं तारण कोण ठेवून घेईल?

सात वर्षं तो अर्धा तास मी विकत राहिले.
लिलाव व्हायचा, पैसे फोनवर यायचे,
आणि आपलं पाणी दिसतं कसं
हे मला आठवेनासं झालं.

आठवायचं ते एवढंच:
बाबांना न्हाऊ घातलं तो दिवस.
बायकांना आत जायची मुभा नव्हती.
नबहान बोरीचा पाला कुटत होता,
बादल्या माझ्यासमोरून जात होत्या,
आणि मग दाराखालून एक ओघळ आला,
हिरवट, फेसाळ,
माझ्या चपलेला लागला.
मी पाय मागे घेतला.

(तो पाय अजून मागेच आहे.)

या हिवाळ्यात मी स्वतः आले.
पाटकरी मुहन्ना भिंतीला टेकून आकाश बघत होता.
खिशात मोबाइल आहे त्याच्या, घड्याळही आहे,
पण कृत्तिकांचा झुबका मशिदीच्या कडेवरून
वर सरकल्याशिवाय तो कुणाची पाळी सुरू करत नाही.
म्हणाला, घड्याळ माझं आहे, तारा सगळ्यांचा.

पाणी डोंगराच्या पोटातून येतं.
त्या पोटात कुणीतरी पालथं पडून,
तेलाच्या दिव्यावर, एका माणसाच्या रुंदीचा
बोगदा कोरत गेलं होतं मैल न् मैल.
नाव कुणाला माहीत नाही.
उताराचा अंदाज एवढा नेमका की
पाणी धावत नाही, थांबतही नाही,
चालतं,
नमाजाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं.

आधी पिण्याचा हौद. मग वजू.
मग न्हाण्या, मग मढं धुवायची कोठडी,
आणि बागा सगळ्यांच्या शेवटी.
हा क्रम गावात कुणी मोडत नाही,
भांडखोर नबहानसुद्धा.

"कुठे सोडू, बाई?" शफिउलनं विचारलं.
तो बारिसालचा. त्याच्या गावी नदी
न विचारता उंबरा ओलांडते,
त्याची शाळा तिनंच नेली.
इथे तो ओंजळ भरतो तेव्हा
एक थेंब खाली पडू देत नाही.
कुठे सोडू?
माझी ना बाग, ना वाफा, ना एक झाड.

कबरस्तानाच्या कुंपणाशी ती बोर उभी आहे,
जिचा पाला सगळे ओरबाडतात
घरात कुणी गेलं की.
पाणी मात्र तिला कुणाच्याच वाट्याचं नाही.

तिकडे, म्हटलं.
त्यानं मुहन्नाकडे पाहिलं. मुहन्नानं ताऱ्याकडे.
मग शफिउलनं दगड काढला, चिंधी काढली,
दारं मोडलं,
आणि मी माझ्या सगळ्या इस्टेटीवर
पाणी सोडलं.

ते काळोखातून गेलं. आधी आवाज नाही.
मग सुक्या मातीनं ओढून घेतल्याचा चुरचुर आवाज,
तापल्या तव्यासारखा, पण गार.
मी पाटात पाय सोडून बसले.
बोटाएवढे मासे टाचा टोकरत होते,
भेगांमधलं काय खात होते कोण जाणे.
अल्हम्दुलिल्लाह म्हणाले.
पुन्हा म्हणाले. पुरेना.
ज्यानं दिलं त्याला, ज्यानं कोरलं त्याला,
दाराखालून आलं होतं त्या ओघळाला
एकाच शब्दात कसं बसवायचं?
मग वाकले, आणि नुसतंच पाणी प्यायले,
ढोरासारखं, तोंड लावून.

"झालं," मुहन्ना म्हणाला.
शफिउलनं दगड बसवला.
नाकावरून पाणी ठिबकत होतं माझ्या,
ते आता
पुढच्या पाळीवाल्याचं होतं.