तुडूम

वैशाखात तळ्याचं पाणी पाळीपासून मागे सरकलं
आणि अडया मान टाकू लागल्या.
खरोखरच टाकू लागल्या:
पंख शाबूत, डोळे उघडे,
मान तेवढी पाण्यावर आडवी,
ओलं धोतर दोरीवरून घसरावं तशी.

पहिल्या दिवशी सात. पुस्तकलानं मोजल्या.
तिसऱ्या दिवशी तिनं मोजणं सोडलं.

कोणी म्हणे युरिया, कोणी म्हणे शेजारच्या गावचा डाव.
साकोलीहून डॉक्टर आला,
बूट काढून गाळात उतरला,
म्हणून आम्ही त्याचं ऐकलं.
म्हणाला, विष कोणी घातलं नाही.
ऊन, उथळ पाणी, कुजका पाला;
तळंच रांधतं ते.
मेल्या पाखरात अळ्या होतात, अळ्या जितं पाखरू खातं,
ते मरतं, मग त्याच्यात अळ्या.

औषध?
इतक्या पाखरांना कोण पाजणार, म्हणाला,
तळ्यालाच द्या.

तळ्याचं औषध म्हणजे तुडूम.
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या त्याचं बूच उपसतात
ते धान निसवताना. वैशाखात कधीच नाही.
संस्थेचे कटले अजून वितीएवढे.
बैठकीत दसाराम वलथरे उठला,
बदकापायी मासा मारता का रे, म्हणाला,
आणि कोणी काही बोलायच्या आत बसला.
त्याच्या खाटेखाली टोपल्यात दोन अडया होत्या,
रात्रभर तो त्यांना कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजे.
साऱ्या गावाला ठाऊक होतं.

बूच मीच उपसलं.
बापाच्या हाताची खाच होती त्यावर,
माझा अंगठा तिच्यात बसला नाही.

मासा मातीमोल गेला.
उरलेली पाखरं उठून कुठल्या कुठं गेली.
आम्ही खताच्या रिकाम्या चुंगड्यांत मेलेली वेचली,
पळसाच्या काटक्यांवर जाळली,
बेशरम मुळासकट उपटली. कोपरापर्यंत खाज.
काठ उभा खणला, की पाणी उथळ थांबू नये.
मग पहिल्या पुरात बायांनी कमरेएवढ्या पाण्यात
चिला लावला, देवधान लावलं,
गाळात पायाच्या अंगठ्यानं दाबून.

दसारामची एक वाचली. सोडली, तर
उडायच्या आधी त्याच्या धोतरावर हगली.
त्यानं ते धोतर आठवडाभर धुतलं नाही,
असं त्याची बायको सांगते.

काल रात्री तळ्यावरून शीळ आली.
पुस्तकला अंथरुणात उठून बसली.
किती, मी विचारलं.
अंधारात कशा मोजू, म्हणाली.
पण बोटं चालली होती.