निरंक

काउंटी कोर्टाच्या तळघरात, बॉयलरशेजारी माझं टेबल.
वरच्या मजल्यावर लग्नाचे परवाने, मधल्यावर घरपट्टी,
खाली माझ्याकडे युद्धं.

अर्विड टॉर्गर्सन आला तो बुटांवरचा बर्फ
पायपुसण्यावर पुनःपुन्हा झटकत.
वय ब्याऐंशी. बीट आणि सूर्यफूल पिकवायचा,
आता जमीन पुतण्याकडे.
टोपी काढून मांडीवर ठेवली,
मग खिशातून चार घड्यांचा कागद, लष्करातून सुटल्याचा दाखला.
"एकोणतिसावा रकाना वाच," म्हणाला.

शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमा :
निरंक.

"मुलगी म्हणते, पदक मागून घ्या.
पदकाचं मला काही नाही.
पण हे खोटं आहे
आणि खाली सही माझी आहे."

मग तेव्हाच का नाही बोललात?
"बंदरावर रांग होती. कारकून म्हणाला,
जखम सांगितलीस तर तपासणी, आणखी चार दिवस.
घरी पेरणी आली होती."
हसला. हसताना त्याचा डावा खांदा
जरा उशिरा हलतो.

सेंट लुईसला लिहिलं. उत्तर आलं :
आपण मागितलेली फाइल त्र्याहत्तरच्या आगीत
जळाली असण्याची शक्यता आहे.
शक्यता!
जळाल्याचीसुद्धा खात्री देत नाहीत.

मग पुरावे गोळा करणं आलं.
फार्गोच्या दवाखान्यातला एक्स-रे :
खांद्याच्या पात्याखाली गव्हाएवढे तीन पांढरे दाणे.
खाली डॉक्टरांचा शेरा, "धातू. जुना."
आईला पाठवलेलं पत्र :
इथे थंडी फार, मी मजेत आहे.
अक्षर पहिलीतल्या पोराचं.
अर्विड डावखुरा. पत्र उजव्या हातानं लिहिलेलं.
आईनं ते ओळखलं असणार,
नाहीतर शिवणाच्या डब्यात मरेपर्यंत
कशाला जपलं असतं?

आणि साक्षीदार. पलटणीत मलमपट्टी करणारा क्लिटस बोड्रो
लुइझियानात सापडला, नाकात ऑक्सिजनची नळी.
फोनवरून सांगत गेला, मी शपथपत्र लिहीत गेले :
"जखमीच्या बटणाला चिठ्ठी बांधायची असते.
नाव, वेळ, घाव कुठे.
पेनातली शाई गोठलेली.
पेन्सिल होती, ती त्या रात्री मोडली.
मी कोरीच चिठ्ठी बांधली.
म्हटलं, खाली गेल्यावर कोणीतरी लिहील."
बराच वेळ नुसता नळीतल्या हवेचा आवाज.
मग, "लिहिलं नाही का कोणी?"

एकदा नामंजूर. पुन्हा अर्ज. सतरा महिने.
शेवटी टपालानं खोका आला, पावती घेऊन सोडला जाणारा,
आत मखमलीवर जांभळी फीत.
अर्विडनं झाकण उघडून बंद केलं,
"गळांच्या डब्यात बसेल," म्हणाला.
दुरुस्त कागद मात्र बोट ठेवून वाचला,
तीनदा तरी.
डावा खांदा, तोफगोळ्याचे तुकडे, फेब्रुवारी एक्कावन्न.

टोपी घातली. दारापर्यंत गेला.
परत आला, टोपी काढली.

"मला टेकडीवरून खाली आणलं ते तिथल्याच एका पोरानं.
दारूगोळा वर न्यायला त्यांच्या पाठीवर लाकडी सांगाडा असायचा,
त्याला मला बांधलं.
तेरा-चौदाचा असेल. पायात गवताचे जोडे.
माझं रक्त त्याच्या मानेवर ओघळून तिथंच गोठलं.
मला उतरवलं आणि पुढचा आणायला वर गेला.
नाव विचारलं नाही मी.
त्याच्यासाठी कुठला फॉर्म लागतो?"

मी खण उघडला.
आत काय आहे ते पाठ होतं, तरी उघडला,
एकेक कागद उलटत राहिले.
तो समोर बसून होता, मांडीवर टोपी,
घरी पेरणी नसलेल्या माणसासारखा.