दुर्बीणवाला

बंदूक सुपडूआबांची,
दुर्बीण माझ्या गळ्यात.

"काचले ऊब नको दखाडू," आबा म्हणत.
म्हणून बंडीच्या आत कधी घातली नाही.
पट्टा आखूड, वरून सुतळीचा फेरा,
ओणवं झालो तरी दगडाला लागू नये असा.
रात्री ओट्यावरच, चुलीपासून लांब.
पहाटे काचेवर साबणाचं कोरडं बोट
आणि धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा तुकडा.
डोळा लावला की श्वास नाकानं,
खाली,
मफलरात.

पौषात अनेरच्या काठी
तुरीच्या शेंगा दवानं जड झालेल्या.
हरभऱ्यात रोजची उकराउकर.
"काही दिखस का?"

दिसत होतं.
मादी. मागे सात पिलं, पट्ट्यापट्ट्यांची,
भरताच्या वांग्यांएवढी.
सहा पाट ओलांडून गेली,
सातवं काठावरच,
पाण्याला नाक लावून मागे सरणारं.
आई वळून उभी.

मी मफलर खाली ओढला
आणि तोंड उघडून, सावकाश,
काचेवर हाऽ केलं.

"धुकं शे, आबा."

आभाळ लख्ख होतं.
पार सातपुड्यावरची झाडं मोजता आली असती.
आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे.
बंदुकीचा घोडा अंगठ्यानं हळू उतरवला.

"पूस," म्हणाले.
"घाई नही."