पंधरा मिनिटं

मुनीरा परकार म्हणते, सर, हाताकडे बघू नका.
पडद्याकडे बघा.
नऊ वर्षांपूर्वी हीच माझ्या टेबलापाशी
रिट्रॅक्टर धरून उभी असायची, दोन-दोन तास,
आणि मी ओरडायचो: पोरी, लक्ष कुठंय, हाताकडे बघ.

शनिवारी ओपीडी उरकली की रत्नागिरीच्या या खोलीत
सिलिकॉनची पारदर्शक मांडी टेबलावर येते.
तिच्यातून लाल पाणी फिरवणारा पंप
माशांच्या टाकीसारखा गुरगुरतो.
आम्ही चौघं. तीन तिशीतले, आणि मी, चोपन्न.
त्यांनी लहानपणी मोबाईलवर गाड्या पळवल्या,
मी भाट्याच्या पुलाखाली गरी टाकून बसलो.
वाटलं होतं तेवढं पुरेल,
दोरीच्या टोकाला काय लागलंय ते बोटाला कळतं.
इथे बोटाला काही कळत नाही.

तार केसाएवढी, टोक वाकडं.
ढकलू नका, फिरवा.
अडली की मागे या.
मागे या! तीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी जांघेत वीतभर कापायचो,
धमनी बोटावर घ्यायचो ओल्या दोरासारखी,
चिमटे लावायचो, शिवायचो,
आणि दिसतं तेवढंच खरं मानायचो.

पहिल्या दिवशी अकरा वेळा भिंतीत शिरलो.
शिरोडकर मला धीर द्यायला म्हणाला,
खाडीतून होडी नेल्यासारखंच आहे की, सर.
मुनीराने पंप बंद केला.
खाडी फाटत नाही, म्हणाली.
आणि पंप परत चालू केला.

मंगळवारी सिलिकॉन नव्हतं.
आत्माराम कोयंडे, विजयदुर्ग, वय एकोणसत्तर.
तांडेल. म्हणजे होते.
विडी, साखर, डावा अंगठा काळा,
रात्री पाय खाटेखाली लोंबत सोडून झोपणारे.
शिशाचा एप्रन त्या दिवशी
दहा किलोंचा वीस झाला.

भूल जांघेपुरतीच. ते जागे,
मान वळवून बघत होते पडद्यावर आपला पाय,
राखाडी, मांडीच्या मध्यावर रस्ता अचानक संपलेला.
"ह्यो माझोच मां?"
तुमचाच.
"मगे थंय फुडे काय दिसणा नाय तां?"
तेच बघतोय.

मुनीरा माझ्या खांद्यामागे, हात पाठीशी बांधून.
मला ठाऊक आहे ते किती जड असतं,
शिकणाऱ्याच्या चुकीला हात न लावणं.
मला ते कधीच जमलं नाही.
तार अडली. फिरवली. अडली.
आतला जुना माणूस म्हणाला, लाव जोर.
मागे आलो.
पुन्हा गेलो, टोक वळसा घ्यायला लागलं,
ती फक्त "सर" म्हणाली,
मागे आलो.
किती वेळा ते मोजलं नाही. शिरोडकरने मोजलं असणार.

चाळीस मिनिटांनी पलीकडे काहीतरी मोकळं लागलं.
शप्पथ सांगतो, पडद्याआधी बोटाला.
रंग सोडला. पुसट रेघ उतरत गेली घोट्यापर्यंत.
मग फुगा. दुसरा फुगा.
पोटरीतल्या तीन वाटांपैकी एकच उघडली.
अंगठा पुढच्या आठवड्यात गेलाच. पाय राहिला.
मुनीरा म्हणाली, रंग जास्त वापरलात, किडनी बघावी लागेल.
खरं होतं.

नळी काढली आणि शेवटचं काम उरलं.
भोक बुजवायचं यंत्र असतं, पण महाग.
म्हणून जांघेवर बोटं ठेवून दाबायचं,
घड्याळ लावून, पंधरा मिनिटं.
बाकीचे एप्रन उतरवायला गेले. पडदा काळा.
मी हाताकडे बघितलं, कुणी हटकलं नाही.
बोटांखाली त्यांचा ठोका, हट्टी.

"जोर बरो आसा हो हातात. जाळां ओढलास काय कदी?"
नाही. गरी.
"मगे? गावला काय?"

सहा मिनिटं झाली होती. नऊ उरली होती.
मी सांगायला सुरुवात केली.