नदीच्या अलीकडे

मराठीत मला दिवस गेलेत.
खालच्या हर्षिदाबेन विचारतात, 'सारा दिवस छे ने?'
त्यांच्याकडे ते चांगले असतात, आमच्याकडे जातात.
मी दोन्ही भाषांत ओकते.

तारीख निघालीय ऑगस्टची एकोणीस
आणि घरात प्रत्येकाला एकेक दवाखाना सुचलाय.
नणंद म्हणते, ओल्ड पादरा रोडचा घे,
खोलीत सोफा आहे, सुटका झाली की केक कापतात.
आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरी;
पण इथून बेळगाव म्हणजे
एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा थोडी रात्र.
सासूबाई काहीच म्हणत नाहीत.
निनाद सरकारी दवाखान्यात झाला,
खाट रिकामी होईपर्यंत त्या जमिनीवरच्या गादीवर होत्या.
एवढंच सांगतात
आणि गवार निवडत बसतात.

निनादने तक्ता केलाय. अंतर, खर्च,
शंभरातल्या किती जणींचं पोट कापतात
(तिथे सगळीकडे फुली, कुणी सांगत नाही).

काचेच्या दवाखान्यातल्या मुलीने
तीन रंगांची पत्रकं दिली,
सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम,
जशी काही मी वेढणी मोडायला आले होते.
विचारलं, कळा रात्री सुरू झाल्या तर?
म्हणाली, मॅम, पार्किंग चोवीस तास आहे.

सासऱ्यांचा एकच प्रश्न. नदीच्या पलीकडचा की अलीकडचा?
मला जिन्याखाली घेऊन गेले.
मीटरच्या पेटीखाली भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा,
शेजारी सालं.
लोक मुलांची उंची मोजतात
तशी त्यांनी विश्वामित्री मोजलेली.
'ऑगस्टात हिची वाढ होते,' म्हणाले,
'पूल बंद, अलकापुरीचं गरनाळं तुडुंब,
आणि मगरींना कोण सांगणार, बाई अडलीय म्हणून?'

सातव्यात झोप उडते.
एका रात्री अडीचला निनादला उठवलं,
चल, आत्ता बघून येऊ.
दिवसा सगळेच दवाखाने शहाणे असतात.

स्कूटर हळू, खड्ड्याखड्ड्याला नावं ठेवत
रावपुऱ्यातल्या दोन मजली सूतिकागृहापाशी.
तक्त्यात त्याच्यापुढे, सोफा: नाही.
शटर अर्धं वर. आत ट्यूबलाइट,
आणि खुर्चीत पाय वर घेऊन
खाखरा खाणारी एक बाई.
उठली नाही. मला वरून खाली बघितलं,
मग खालून वर.
'हजी वार छे,' म्हणाली.
तरी बस म्हणाली.
कोपरापर्यंत हात धुतले, ते मी बघून घेतलं.
हात ऊन होता, ओव्याचा वास येत होता.
'झोपलंय,' तिच्या मराठीत म्हणाली,
'तू पण झोप ना. रात्रीची काय फिरते?'

नाव जीवीबेन. एकवीस वर्षं रात्रपाळी.
विचारलं, बाळाला ठेवायची काचेची पेटी आहे?
आहे, एक.
आणि त्याच रात्री दुसरं बाळ आलं तर?
'तर मोठा दवाखाना. चालत सात मिनिटं.
मी एकदा पाचात गेलेली,
पदरात घेऊन.'
पुढे काय झालं
ते निनादने विचारलं नाही.
मीही नाही.
तिने खाखऱ्याचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

परतताना रस्त्यावर फक्त कुत्री आणि दुधाचा टेम्पो.
सकाळी तक्त्यात एक नवा रकाना होता: रात्री अडीच.
एकाच ओळीत लिहिलेलं, 'जागी'.
बाकीच्या ओळी त्याने कोऱ्या सोडल्यात.
भीती होती तेवढीच आहे,
फक्त आता तिला पत्ता आहे.

सासूबाईंना सांगितलं.
गादी खाटेवर असते ना, त्यांनी विचारलं.
असते.
बरं, म्हणाल्या, मग ही गवार घे.
आणि शिरा नीट काढ.